मधला पट्टा

१८ ऑक्टोबर, शनिवार

शेवटच्या तीन मुली आज सकाळच्या बसने गावी गेल्या. वसतिगृह रिकामं झालं. दिवाळीची सुट्टी संपून सगळ्या जणी तीन नोव्हेंबरला, सोमवारी परत येतील. त्याआधी मैदान मोकळं झालं पाहिजे. हे काम माझ्यावर आहे, आणि काम डोक्यावर असलं की लिहून ठेवायची माझी जुनी सवय. शाळेतून निवृत्त होऊन वसतिगृह सांभाळू लागले तेव्हा ती सुटली होती.

मैदान म्हणजे वसतिगृह आणि शाळा यांच्यामधली सहा एकर जागा. मधून पायवाट जाते. मध्यावर जमीन खोलगट आहे. तिथे पावसाचं पाणी जायला मोरी बांधली आहे, मोरीशेजारी एक जुनं आंब्याचं झाड. दरवर्षी गणपती गेले की गावातल्या बाया विळे घेऊन येतात आणि जनावरांसाठी गवत कापून नेतात. ह्या वर्षी एकही आली नाही. भाद्रपदात शेजारच्या गावची धुरपता गवत कापता कापता गेली. वाघाने नेली. ती बसून कापत होती. वनरक्षक नूतन म्हणते, खाली बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. तेव्हापासून बायांनी विळे आढ्याला खोचून ठेवले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. पण गवत माझ्या खांद्याला लागतंय आणि त्यातून बेचाळीस मुली शाळेत जातात. रस्त्याने जायचं तर गावाला मोठा वळसा आणि कोळशाचे ट्रक.

स्वयंपाकीण रुखमा शाळेकडे जाताना स्टीलची थाळी बडवत जाते. वसतिगृहाची जेवणाची थाळी आहे ती. कडेला पोचे आलेत. इथे त्याचं नाव कुणी घेत नाही, ‘तो’ म्हणतात. मी वाघच म्हणते.

२० ऑक्टोबर, सोमवार

मशीन आलं. भद्रावतीच्या एका भंगारवाल्याकडे पडून होतं. कुठल्याशा गेस्ट हाउसचं हिरवळ कापायचं मशीन. वर बसून चालवायचं. मला पाहिजे होतं ते एवढंच: बसणारा माणूस जमिनीपासून उंच राहतो आणि इंजिनाचा आवाज कोसभर जातो. विळ्याला जे जमणार नाही ते ह्याला जमेल.

धनराज ट्रकवरून उतरवताना म्हणाला, “बाई, हे तं ट्रॅक्टरचं पिल्लू हाये. याले दूध पाजा लागन.” धनराज आमचा चौकीदार आणि ड्रायव्हर, रुखमाचा नवरा. माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला आणि गणितात बरा होता. मी म्हटलं, दूध नाही, तेल पाजावं लागेल, खाली बघ. मशीनच्या पोटाखाली तेलाचं थारोळं जमलं होतं.

मशीन शाळेमागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवलं. रॉकेलने पुसून काढलं. सीटखाली एक पिवळं स्टिकर होतं, उन्हाने अक्षरं उडालेली. चित्र तेवढं राहिलंय, माणसाचा पंजा आणि त्याच्यावर आडव्या बारीक रेघा. काम झाल्यावर हात धुवा, अशा अर्थाचं असावं. कडा निघाल्या होत्या, त्यात माती अडकत होती, म्हणून खरवडून टाकलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. रुखमाने मशीनलाही हळदकुंकू लावलं. लावू दिलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोन दिवस तेलात हात घालून बसलो होतो. प्रकार असा आहे. इंजिन एक पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो आणि त्या तेलाच्या जोरावर पात्यांची जड पाटी वरखाली होते. आमचं गवत उंच, त्यामुळे पाटी आधी वर धरून एक फेरी मारायची, शेंडे उडवायचे आणि मग खाली करून दुसरी. पण पाटी वर राहतच नव्हती. उचलली की धापा टाकत खाली यायची. दाब कुठून तरी निसटत होता. बी.एस्सी.ला पास्कलचा नियम तोंडपाठ केला होता. इतक्या वर्षांनी तो कामाला आला याचं बरं वाटलं.

पंपाजवळच्या सांध्याचा नट सैल होता. आतलं रबरी कडं चिरलेलं. तालुक्याच्या गावाहून, मूलहून, दुसरं आणलं, बसवलं, आवळलं. पाटी वर राहिली. धनराजने सीटवर बसून शेडमध्येच एक गिरकी घेतली. रुखमा दारातून म्हणाली, नवरदेव घोड्यावर बसला, आता वरात कुठी? तो म्हणाला, तुह्या माहेरी.

उद्या सुरू.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज सुरुवात केली. मी आधी कागदावर मैदान आखलं. बाहेरच्या कडेने फेरी धरायची आणि आत आत येत जायचं, चौकोनात चौकोन. वळणं कमी होतात, डिझेल कमी लागतं. धनराजला पटलं. नाही पटलं तरी त्याने तसंच केलं असतं.

पहिल्या फेरीला मी स्वतः बसले. सदुसष्टाव्या वर्षी असल्या घोड्यावर बसेन असं वाटलं नव्हतं. मागून बगळे चालत येतात आणि उडालेले किडे टिपतात.

कापलेल्या गवताचा वास आला आणि चामोर्शीचं आमचं शेत आठवलं. धान कापायला मजूर चारी बाजूंनी लागायचे आणि आत सरकत यायचे. शेतातले ससे, उंदीर, तितर, सगळे मधे मधे सरकत जात. शेवटी मधे घोंगडीएवढं धान उरायचं आणि ते नुसतं हलत असायचं, वारा नसतानासुद्धा. आम्ही भावंडं भोवती काठ्या घेऊन उभी. बाबा म्हणत, थांबा, आत्ता निघेल. काय मजा यायची.

२७ ऑक्टोबर, सोमवार

काम चांगलं चाललंय. चारी कडांनी साफ झालं, शाळेच्या बाजूने सगळ्यात जास्त. वसतिगृहाच्या व्हरांड्यातून आज महिन्यांनंतर शाळेची पायरी दिसली.

रुखमाला सांगितलं, आता थाळी बडवणं पुरे. मशीन दिवसभर बोंबलतंय, त्यापुढे तुझ्या थाळीचं काय? शिवाय ती जेवायची थाळी आहे, घासून मांडणीवर जागच्या जागी ठेव, मुली आल्या की कमी पडायला नको. ती थाळी पदराखाली घेऊन गेली.

आपला कुत्रा काळू दोन दिवस जेवायला आला नाही. शिकारीच्या नादाने कुठे तरी गेला असणार. ह्या दिवसांत कुत्री असंच करतात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नूतन आली होती. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, खाकी कपडे, कमरेला काठी अडकवलेली. मोरीच्या ओल्या मातीत तिला ठसा दिसला. तिने हाताच्या वितीने मोजला, फोटो काढला. मी विचारलं, ताजा आहे का? म्हणाली, “मॅडम, काठ सुकला आहे, पण परवाचा असू शकतो.” मी म्हटलं, परवा मशीन चालू होतं, म्हणजे आवाजाने निघून गेला. ती मोरीपलीकडच्या उभ्या गवताकडे बघत होती. म्हणाली, जाताना तो कुठून गेला ते दिसलं असतं तर बरं झालं असतं. सगळीकडे कापलेलं आहे, त्यावर ठसा उमटत नाही. मोकळ्या जागेतून तो दिवसा सहसा जात नाही.

मी तिला सांगितलं की शुक्रवारपर्यंत सगळंच मोकळं होईल, मग त्याला इथे यायचं कारणच उरणार नाही. ती हो म्हणाली. पोरगी हुशार आहे, पण फार हळू बोलते.

आंब्यावर माकडं बसली आहेत. खोकल्यासारखा आवाज काढतात. मशीनला घाबरत असावीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पाटी पुन्हा बसू लागली. वर धरली तरी पाच पावलांत खाली. पात्यांत गवत गुंडाळलं जातं, इंजिन बंद पडतं. मोरीच्या अलीकडे एकाच जागी दोनदा बंद पडलं. बंद पडल्यावर जी शांतता होते ती मला आवडली नाही. बगळेसुद्धा मागे राहिले होते, मोरीपर्यंत एकही आला नाही. धनराजला म्हटलं, शेडमध्ये घे.

सांधे कोरडे होते. थेंब कुठेच नाही. तरी तेल कमी होतंय. सीटखालून दोन काळ्या रबरी नळ्या जातात, बोटाएवढ्या जाड. त्यांतल्या एकीला बारीक भोक असणार असा माझा तर्क. धनराजला सीटवर बसवलं, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि पाटी उचलायचा दांडा वर धरायला सांगितलं. दाब असल्याशिवाय गळती सापडत नाही. मग बोअरच्या पाइपला बघतो तसं नळीवरून तळहात फिरवत नेला. धानाच्या पंपाची नळी इथे सगळे अशीच बघतात. डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं. मी मुलींनाही हेच शिकवते, धनराजलाही शाळेत असताना मीच शिकवलं होतं.

सापडली. तर्जनीच्या टोकाला काटा टोचल्यासारखं झालं आणि हात काढला तर तिथे धूर निघावा तसं तेल उडत होतं. इतकं बारीक की उजेडाविरुद्ध धरल्याशिवाय दिसेना. मला फार आनंद झाला. धनराजला म्हटलं, बघ, सांगितलं होतं ना.

नळी काढून त्याला मूलला पाठवलं. तिथे जेसीबीच्या नळ्या बनवून देणारं दुकान आहे.

बोटावर मुंगी चावल्याएवढं टिंब आहे. रक्तसुद्धा नाही. साबणाने हात धुतले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बोट ठणकतं. झोप नीट झाली नाही. सकाळी बोट फुगून फटफटीत पांढरं, दाबलं तर टणक. नळीच्या रबरात तारेची जाळी असते, तिचा तुकडा आत राहिला असावा. सुईने टोकरून पाहिलं, काही निघालं नाही. दोन थेंब पिवळट पाणी आलं. रुखमाने हळद-तेल गरम करून बांधलं. म्हणाली, “बाई, चंद्रपूरले दाखवून या.” काट्यासाठी चंद्रपूरला जायचं? मुली हसतील.

धनराज नवी नळी घेऊन आला. सांगत होता, दुकानवाल्याने विचारलं, गळती कशी शोधली? हा म्हणाला, आमच्या बाईंनी हात फिरवून शोधली. “तं तो माह्याकडे पाह्यतच राह्यला. म्हणते, बाई बऱ्या हायेत ना? त्यायले काही लागलं तं नाई?” बाईमाणूस मशीनचं काम करते म्हटल्यावर लोकांना अजूनही असंच आश्चर्य वाटतं. याने सांगितलं, काही नाही लागलं. बरोबरच आहे, मी त्याला बोटाचं बोललेच नव्हते. दुकानवाल्याचं आणखी काहीतरी सांगायचं होतं त्याला. मी म्हटलं, पुराण नंतर, आधी नळी बसव, दिवस जातोय.

नळी बसवली. दुपारपासून चार फेऱ्या झाल्या. मी उभी राहून बघितलं, मला दांडा धरता येईना.

आता मधे मोरीच्या दोन्ही अंगांना एक पट्टा उरला आहे. लांबट, पायवाटेच्या आडवा. पायवाट त्यातूनच जाते. बाकी सगळं हातावरच्या रेषांसारखं स्वच्छ. इतकं नीटनेटकं मैदान मी माझ्या कारकिर्दीत पाहिलं नाही.

संध्याकाळी पायरीवर बसले होते. वारा नव्हता. पट्ट्यातलं गवत मधूनमधून हलत होतं. ससे असतील.

१ नोव्हेंबर, शनिवार

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून थोडक्यात.

पहाटे ताप. उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला, बोट निळसर काळं. तरी शेडवर गेले. धनराजने हात पाहिला आणि मशीन सुरूच केलं नाही. मी म्हटलं, पट्टा आज संपव, परवा मुली येताहेत, मी दुपारच्या बसने जाईन. तो जीप काढायला निघाला. मी त्याला नाव घेऊन ओरडले, वर्गात ओरडायचे तशी. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

जीपमध्ये तो मूल ओलांडल्यावर एकदाच म्हणाला, “बाई, ते तेल कोणत्या बोटाले लागलं होतं?” मी म्हटलं, तेलाचं काय, काटा आहे.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनाही मी काटाच सांगितला. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि हात वर बांधून ठेवला. मोठे सर्जन उद्या सकाळी येतील.

धनराजला परत पाठवलं. तो थांबतो म्हणत होता. मी म्हटलं, इथे बसून माझं बोट धरणार आहेस का? उद्या सकाळी पट्टा काप. सोमवारी मुली त्यातून चालत येतील. त्यांच्यातली एकही माझ्या बोटापायी जाता कामा नये. तेव्हा तो गेला.

२ नोव्हेंबर, रविवार

सर्जन आले. बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. बोट बघितलं आणि पहिला प्रश्न: कुठल्या मशीनवर काम करत होता? मी सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी सांगितलं ते असं. नळीतून तेल इतक्या जोराने येतं की कातडीला सुईसारखं भोक पाडून आत शिरतं. बाहेर टिंब दिसतं, आत तेल हाडाच्या कडेकडेने तळव्यापर्यंत जातं आणि मांस मारत जातं. पहिल्या काही तासांत यायचं असतं. मी तिसऱ्या दिवशी आले.

बोट जाईल. तळवा उघडावा लागेल, मग कळेल आणखी काय काय जाईल ते. मी सकाळी चहा घेतला आहे, म्हणून भूल दुपारी. उठता उठता त्या म्हणाल्या, चालू मशीनच्या नळीला हात कधीच लावायचा नसतो, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. तसं स्टिकर असतं मशीनवर.

त्या गेल्या. मग लक्षात आलं की धनराज ह्या क्षणी मशीनवर आहे. दुसरी नळी जुनीच आहे. आज ना उद्या ती जाणार. आणि ती गेली की तो काय करेल ते मला माहीत आहे. इंजिन चालू ठेवेल आणि तळहात फिरवेल. माझ्याकडूनच शिकला आहे.

फोन लावला. मैदानात आणि टिनाच्या शेडमध्ये रेंज नसते. पुन्हा लावला. पुन्हा. मग रुखमाला लावला. वसतिगृहाच्या ओट्यावर रेंज मिळते.

तिला म्हटलं, धनराजला जाऊन सांग, नळीला हात लावू नको. काही झालं तरी हात लावू नको. हात जाईल. ती म्हणाली, “मशीनचा आवाज तं बंद झाला बाई, आत्ताच.” मशीन बंद पडलं म्हणजे पाटी बसली. पाटी बसली म्हणजे तो शेडमध्ये नेऊन गळती शोधायला लागणार. मी म्हटलं, लवकर जा, धाव. ती म्हणाली, “जाऊन राह्यली.”

कुठल्या वाटेने जा, ते मी सांगितलं नाही.

मशीन बंद आहे आणि पट्टा उभा आहे, हे तिने फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं. रस्त्याने अर्धा तास लागतो. तिला मी धाव म्हटलं.

पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. फोन ओट्यावर ठेवून गेली असणार.

एक नर्स येऊन हातावर पेनाने रेघ मारून गेली. सूज रेघेच्या वर गेली तर हाक मारा म्हणाली.

धनराजचा फोन आला. आत्ता, लिहिता लिहिता. तो गावातल्या पानठेल्यावरून बोलत होता. आवाज अगदी नेहमीचा. सांगत होता, दुसरी नळी गेली, थोडासाच पट्टा कापून झाला, मशीन शेडमध्ये लावलं आणि रस्त्याने गावात आलो, तुमची खबर घ्यायला आणि मूलच्या दुकानात फोन करायला. मी विचारलं, नळीला हात लावलास? म्हणाला, “नाई लावला बाई. त्या दुकानवाल्यानं तवाच सांगतलं होतं मले, पुठ्ठा धरा लागते म्हणून. तेच तं तुमाले सांगून राह्यलो होतो शुक्रवारी.”

मी म्हटलं, रुखमा भेटली का?

“रुखमा? ते तं होस्टेलवर हाये.”

मी त्याला सगळं सांगितलं. फोन बंद झाला नव्हता, कारण मला पळण्याचा आवाज ऐकू येत होता. मग फोन बंद झाला.

नूतनला लावला. ती निघाली आहे. गाडी घेऊन येते म्हणाली. पहिल्यांदाच भराभर बोलली.

वसतिगृहावर पुन्हा लावला, रुखमाच्याच फोनवर. ह्या वेळी भागीरथाने उचलला, भाजी निवडायला येते ती म्हातारी. रुखमा मघाशीच गेली म्हणाली, पायवाटेनं, पळत. आली नाही अजून. मोरीवरची माकडं तेव्हापासून ओरडून ओरडून आत्ताच गप झाली. मी म्हटलं, तू ओट्यावरून उतरू नकोस. थाळी घे आणि तिथूनच बडव, जोरात बडव, तिच्याजवळची ऐकू येते का बघ.

भागीरथा आत गेली. भांड्यांचा आवाज आला. परत येऊन म्हणाली, “तिच्याजवळ कुठची बाई? थाळी तं इथीच हाये, मांडणीवर. घासून ठेवली हाये. तुमीच म्हणलं होतं नं तिले, जागच्या जागी ठेव म्हणून.”